संधीचा फेरफार

नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या तलाठी दफ्तरात गाव नमुना सहा नावाची एक नोंदवही असते आणि तिला लोक फेरफाराची वही म्हणतात. खातेदार वारला, जमिनीचे खरेदीखत झाले, भावाभावांत वाटप झाले, की त्या घटनेची नोंद प्रथम या वहीत होते. परंतु नोंद झाली म्हणजे बदल झाला असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता मानीत नाही. नोंदीची प्रत चावडीवर लागते, ज्यांचा ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे त्या प्रत्येकास लेखी नोटीस जाते, हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत मिळते, हरकत आलीच तर ती तक्रारी प्रकरणांच्या वहीत चढून दोन्ही पक्षांची सुनावणी होते, आणि हे सर्व पार पडल्यावरच मंडळ अधिकाऱ्याचा शेरा पडून फेरफार मंजूर होतो. त्यावरही कुणाचे समाधान झाले नाही तर प्रांताकडे अपिलाची वाट मोकळी राहते. अर्ध्या गुंठ्याच्या पडीक तुकड्यासाठीसुद्धा एवढी दक्षता घेतली जाते, कारण ज्याच्या हक्कात बदल व्हावयाचा आहे त्याला विचारल्यावाचून बदल करू नये हे तत्त्व आपल्या महसुली व्यवस्थेच्या अंगात भिनलेले आहे.

जमिनीहून मोलाची अशी दुसरी एक मिळकत प्रत्येक गावातील मुलामुलींच्या नावे असते, ती म्हणजे पुढे शिकण्याची संधी. महाविद्यालय गावापासून किती कोसांवर आहे, त्यात जागा किती, त्यांतील कोणत्या कोणासाठी राखून ठेवल्या आहेत, शुल्क किती आणि त्यात सवलत कोणाला, या चार-पाच गोष्टींनी ती मिळकत ठरते. आणि या प्रत्येक गोष्टीत फेरफार होत असतो. तो फेरफार करण्याचा अधिकार संस्थेला स्वतःच्या मर्जीने आहे काय, की त्यासाठी तिला कोणाची मंजुरी घ्यावी लागते, आणि मंजुरी देणाऱ्याने तरी ती कोणाला विचारून द्यावयाची, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

हा प्रश्न कायद्याच्या भाषेत अत्यंत स्पष्टपणे मांडला गेला तो इंग्लंडात. तेथील पार्लमेंटने २००४ साली उच्च शिक्षणाचा कायदा करून विद्यापीठांना पदवीचे शुल्क वाढविण्याची मुभा दिली, पण त्या मुभेला एक अट जोडली. मूळ मर्यादेहून अधिक, म्हणजे २००६ पासून वर्षाला ३,००० पौंडांपर्यंत शुल्क ज्या विद्यापीठास घ्यावयाचे असेल, त्याने गरीब घरांतील व आजवर विद्यापीठाचा उंबरा न ओलांडलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी आपण काय करणार याचा लेखी आराखडा न्याय्य प्रवेशाच्या कार्यालयापुढे ठेवावा आणि त्याची मंजुरी घ्यावी. पुढे २०१२ साली ती मर्यादा ९,००० पौंडांवर गेली, २०१८ पासून हे काम विद्यार्थ्यांच्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या एका नव्या नियामक कार्यालयाकडे आले, आणि आराखड्याचे नावही बदलले. परंतु त्यातील गाभ्याचे सूत्र टिकून राहिले. ते सूत्र असे की, एकदा मंजूर झालेला आराखडा ही विद्यापीठाची खासगी चीज उरत नाही. त्यात दिलेली शिष्यवृत्ती कमी करावयाची, ठरविलेले उद्दिष्ट खाली आणावयाचे किंवा अंगीकारलेले काम सोडून द्यावयाचे, तर नियामकाकडे पुन्हा अर्ज करून बदलास मंजुरी घेणे विद्यापीठास भाग आहे. वचन देताना ज्याला साक्षी ठेवले, त्याला न विचारता ते वचन मागे घेता येत नाही, इतकाच याचा अर्थ. पण एवढी साधी गोष्ट कायद्यात येण्यास तेथेही एकविसावे शतक उजाडावे लागले.

आपल्याकडे असे काही आहे काय? आहे, आणि त्याची माहिती प्राध्यापकांना व संस्थाचालकांना असली तरी ज्यांच्यासाठी ते आहे त्या पालकांपैकी फार थोड्यांना असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, जो १ मार्च २०१७ पासून अंमलात आला, त्याच्या १०७ व्या कलमाने प्रत्येक विद्यापीठावर दर पाच वर्षांसाठी एक बृहत् आराखडा तयार करण्याची जबाबदारी टाकली आहे. आपल्या हद्दीत महाविद्यालये कोठे असावीत, उच्च शिक्षणाच्या सोयी सर्वत्र समन्यायाने कशा पोहोचाव्यात, आणि विशेषतः ज्या भागांत त्या पोहोचलेल्याच नाहीत किंवा जे भाग मागे राहिले आहेत त्यांच्या गरजा कशा भागाव्यात, याचा विचार त्यात असावा असे कायदा सांगतो. हा आराखडा विद्यापीठाने आपल्या मंडळांतून तयार करावा, परंतु त्यास मंजुरी द्यावी ती महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाने, ज्याचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री असतात. नव्या महाविद्यालयाचा प्रस्ताव आराखड्याशी सुसंगत असेल तरच विद्यापीठाने तो स्वीकारावयाचा. मग त्याची छाननी, शासनाचे इरादापत्र, अटींची पूर्तता आणि अखेर अंतिम मान्यता असा तो प्रवास असतो. इंग्लंडातील आराखडा एकेका संस्थेचा असतो, आपला तीन-तीन जिल्ह्यांचा असतो, हा फरक मोठा आहे. परंतु दोहोंचा हेतू एकच, आणि दोहोंना वरच्या मंजुरीची मुद्रा लागते.

नगर जिल्हा या बाबतीत पुण्याच्या विद्यापीठाशी बांधलेला आहे. १९४९ साली ते विद्यापीठ सुरू झाले तेव्हा त्याच्या हद्दीत बारा जिल्हे होते. १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ व १९९० साली जळगावचे विद्यापीठ वेगळे झाल्यावर पुणे, नगर व नाशिक हे तीन उरले. २०१४ पासून हे विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करते, आणि या नावाचा आमच्या जिल्ह्याशी असलेला संबंध मला फार अर्थपूर्ण वाटतो. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार या बाई एकोणिसाव्या शतकात नगरला मुलींच्या शाळा चालवीत असत, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले त्यातील एक भाग याच फरारबाईंच्या हाताखाली नगरात झाला. म्हणजे महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या आद्य शिक्षिकेला शिकण्याची संधी मिळाली ती आपले गाव सोडून दूरच्या एका शहरी, आणि तीही कुणीतरी तेथे येऊन शाळा काढली होती म्हणून. शाळा कोठे आहे यावर कोण शिकणार हे ठरते, हा बृहत् आराखड्यामागचा विचार त्या एका चरित्रात पूर्णपणे सामावलेला आहे.

आता जिल्ह्याचा नकाशा उलगडून पाहावा. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर पसरलेला हा जिल्हा; पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतले अकोले, आग्नेयेला बालाघाटाच्या उतारावरचे जामखेड; चौदा तालुके आणि त्यांत दोन वेगळे प्रदेश नांदतात म्हणावे इतके अंतर. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखालील उत्तरेची जमीन उसाखाली आली. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा कित्ता संगमनेर, कोपरगाव, राहुरी या भागांनी गिरविला, आणि कारखान्यांच्या पाठोपाठ शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आली. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वसंतदादा पाटील यांच्या सरकारने परवानगी दिली तेव्हा त्याच वर्षी लोणी, संगमनेर आणि कोपरगाव अशा उत्तरेच्या तीन ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. ती निघाली हे जिल्ह्याचे भाग्यच. ज्या शेतकऱ्याने शहराचे तोंड पाहिले नव्हते त्याचा मुलगा आपल्याच शिवारालगत अभियंता होऊ शकला, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु ती जेथे निघाली तेथे निघाली याचे कारण पाणी, ऊस आणि त्यातून उभे राहिलेले भांडवल हे होते. पाथर्डी, जामखेड, कर्जत, शेवगाव, पारनेर या कोरडवाहू तालुक्यांच्या वाट्याला ते भांडवल आले नाही. पाथर्डी व जामखेडच्या कित्येक वाड्यांतील माणसे गळीत हंगाम सुरू झाला की बैलगाड्या जोडून ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि त्यांच्याबरोबर शाळेतली मुलेही जातात. ज्या उसातून उत्तरेकडे महाविद्यालये उभी राहिली तो तोडणाऱ्यांपैकी कितीतरी हात या दक्षिणेचे आहेत, हे विसरता कामा नये.

म्हणूनच आराखडा हवा. संस्था आपापल्या बळावर जेथे उगवतील तेथे उगवू द्याव्यात, असे म्हटले तर पाण्याच्या मागे पाणी आणि शाळेच्या मागे शाळा असा क्रम चालू राहील. समाजाने एकत्र बसून, अमुक तालुक्यात विज्ञान शाखा नाही, तमुक खोऱ्यात मुलींचे वसतिगृह नाही, असे पाहून ठरविले तरच तो क्रम मोडेल. ज्यांनी हे आराखड्याची वाट न पाहता आपल्या मनानेच केले त्यांचे ऋण येथे नोंदविलेच पाहिजे. राजूरसारख्या महादेव कोळी व ठाकर वस्तीच्या भागात सत्यनिकेतन संस्थेने महाविद्यालय नेले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने कर्जतच्या कोरड्या माळावर दादा पाटील महाविद्यालय उभे केले. आणि त्याही आधी, १९४७ साली, भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी नगर शहरात अहमदनगर महाविद्यालय काढले, ज्यामुळे या जिल्ह्यातील मुलाला पदवीसाठी पुण्यास जाण्याची सक्ती उरली नाही.

परंतु आराखडा मंजूर झाला म्हणजे तो बदलत नाही असे नव्हे. १९९४ च्या जुन्या विद्यापीठ कायद्यातही बृहत् आराखड्याची तरतूद होती, आणि तिच्याच शेजारी एक परंतुक होते: विद्यापीठाने शिफारस न केलेला अर्जदेखील अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणे नोंदवून, शासनास मंजूर करता येईल. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. दुर्गम भागासाठी एखादा प्रस्ताव नियमांच्या कचाट्यात अडकला तर तो सोडविता यावा. पण अपवादाची वाट एकदा पायाखालची झाली की ती रस्ता बनते, आणि लेखी कारणे दफ्तरातच राहतात. माझ्या मते कोणत्याही आराखड्याच्या खऱ्या किमतीची परीक्षा त्यातील मुख्य कलमांवरून होत नाही. तो कोण, कोणत्या कारणासाठी आणि कोणाला कळवून बदलू शकतो या कलमावरून होते. अपवाद द्यावयाचाच असेल तर त्याची कारणे चावडीवर लागली पाहिजेत. ज्या तालुक्याची गरज आराखड्यात पहिली होती आणि ज्याला डावलून दुसऱ्याला जागा मिळाली, त्या तालुक्याला पंधरा दिवसांची मुदत मिळाली पाहिजे.

संस्था एकदा सुरू झाल्यावर तिच्या आतील बदलांसाठी मात्र आपल्याकडे मंजुरीचे जाळे बरेच दाट आहे. तंत्रशिक्षणाच्या संस्थेस प्रवेशक्षमता, जिला सगळे इन्टेक म्हणतात, वाढवावयाची वा घटवावयाची असेल, एखादी शाखा बंद करावयाची असेल, संस्था दुसऱ्या जागी हलवावयाची असेल, तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची परवानगी लागते आणि त्यांतील काही बदलांसाठी शासन व विद्यापीठ यांची ना-हरकत प्रमाणपत्रे जोडावी लागतात. यातील एक तरतूद मुद्दाम सांगण्यासारखी आहे. केवळ मुलींसाठी म्हणून मान्यता मिळालेली संस्था मुलामुलींसाठी एकत्र करावयाची असेल तर तेही परिषदेच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. वरवर पाहता यात कोणाचे काही जात नाही, उलट दार रुंद होते. पण ज्या बापाने मुलीला पुढे शिकू देण्यासाठी एवढीच अट घातली होती की महाविद्यालय मुलींचे असावे, त्याच्या घरातील मुलीच्या दृष्टीने ते दार बंद होते. फेरफार कोणाच्या हक्काला लागतो हे कागदावरच्या आकड्यांवरून कळत नाही, म्हणूनच विचारण्याची आवश्यकता असते. महाविद्यालय बंद करण्याचेही असेच आहे. व्यवस्थापनाला ते मनात आले म्हणून कुलूप लावता येत नाही, शासनाची पूर्वपरवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी आधी प्रवेश घेतलेल्यांचे शिक्षण पुरे होईल अशा बेताने ते टप्प्याटप्प्याने बंद करावयाचे असते. दिलेला शब्द निदान ज्यांना दिला त्यांच्यापुरता तरी पाळावा, ही जाणीव या तरतुदीत आहे.

आता शुल्काकडे वळू, कारण गरिबाच्या घरी प्रश्न अखेर तेथेच येऊन थांबतो. १९५९ साली, द्विभाषिक राज्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना शुल्कमाफी देण्याची योजना सुरू झाली. बाराशे रुपयांच्या उत्पन्नाची मर्यादा असलेली ई.बी.सी. सवलत म्हणून ती खेड्यापाड्यांत ओळखली गेली, आणि त्या सवलतीवर शिकलेल्यांची एक अख्खी पिढी आज वयोवृद्ध झाली आहे. तेव्हा महाविद्यालये अनुदानित होती, शुल्क शासन ठरवी, आणि त्यात बदल करण्याचा प्रश्नच संस्थेपुढे नसे. १९८३ नंतर हे चित्र पालटले. विनाअनुदानित संस्थेला शुल्कातूनच चालावे लागते हे खरे, पण शुल्काच्या नावाखाली काय घ्यावयाचे याला धरबंध राहिला नाही, आणि चार वर्षांतच, १९८७ साली, देणगीशुल्कास मनाई करणारा कायदा महाराष्ट्राला करावा लागला.

त्यानंतरच्या वीस वर्षांत गरिबाच्या जागेचा फेरफार सर्वोच्च न्यायालयात आणि संसदेत कितीदा झाला हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. फेब्रुवारी १९९३ मध्ये उन्नीकृष्णन यांच्या खटल्यात न्यायालयाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतील निम्म्या जागा गुणवत्तेवर व सरकारी दराने भरण्याची योजना घालून दिली; उरलेल्या निम्म्यांनी अधिक शुल्क भरून त्यांचा भार उचलावयाचा. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी.एम.ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना रद्द केली. २००३ साली इस्लामिक अकादमीच्या खटल्यात प्रत्येक राज्यात प्रवेशासाठी एक व शुल्कासाठी एक अशा, निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील, दोन समित्या नेमण्याचा आदेश झाला, आणि महाराष्ट्रात शिक्षण शुल्क समिती स्थापन झाली. १२ ऑगस्ट २००५ रोजी पुण्याच्या पी.ए. इनामदार यांच्या खटल्यात, विनाअनुदानित संस्थांवर शासनाला आपला कोटा वा आरक्षण लादता येणार नाही असे ठरले. आणि लगेच संसदेने त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करून पंधराव्या अनुच्छेदात पाचवा खंड घातला, जो जानेवारी २००६ पासून अंमलात येऊन आरक्षणाचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. या निर्णयांतील प्रत्येकाच्या पाठीशी कायद्याचे गंभीर युक्तिवाद होते आणि त्यांची योग्यता ठरविण्याचा अधिकार मजपाशी नाही. परंतु १९९३ साली नेवाशाच्या एखाद्या शेतमजुराने आपल्या धाकट्या मुलाकडे पाहून पुढच्या दहा वर्षांचा जो हिशेब मनात मांडला असेल, तो २००२ साली, मुलगा मोठा होईपर्यंत, पायाखालून निघून गेला होता, आणि त्या खटल्यात तो पक्षकार नव्हता.

स्थैर्य यावयास २०१५ उजाडले. त्या वर्षीच्या महाराष्ट्र विनाअनुदानित खासगी व्यावसायिक शिक्षण संस्था अधिनियमाने प्रवेश नियामक प्राधिकरण व शुल्क नियामक प्राधिकरण अशी दोन प्राधिकरणे स्थापन केली, सामाईक प्रवेश परीक्षेचा राज्य कक्ष निर्माण केला, आणि केंद्रीभूत फेऱ्यांतून, ज्यांना मुले कॅप राऊंड म्हणतात, होणाऱ्या प्रवेशांना कायद्याचा आधार दिला. अभियांत्रिकीत ऐंशी टक्के जागा या फेऱ्यांतून आणि वीस टक्के संस्था पातळीवर, अशी सर्वसाधारण विभागणी असते. पण संस्था पातळीवरचे प्रवेशही गुणानुक्रमानेच व्हावे लागतात आणि त्यांनाही प्राधिकरणाची मान्यता लागते. शुल्क वाढवावयाचे असेल तर संस्थेने तपासलेले हिशेब जोडून प्रस्ताव द्यावयाचा, प्राधिकरणाने खर्चाची बाब न् बाब पाहून दर ठरवावयाचा, आणि त्याहून एक रुपयाही अधिक घ्यावयाचा नाही. इंग्लंडच्या व्यवस्थेत शुल्कवाढीची किंमत म्हणून विद्यापीठाकडून गरिबांसाठीचे वचन घेतले जाते; आमच्याकडे शुल्काची तपासणी एका दफ्तरात, आरक्षण दुसऱ्यात, शिष्यवृत्ती तिसऱ्यात आणि जागा कोठे हव्यात याचा आराखडा चौथ्यात. एकाच मुलीच्या भवितव्याचे हे चार तुकडे एकत्र ठेवून पाहणारे टेबल मात्र कोठेही नाही, आणि ही मला आपल्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव वाटते.

काही फेरफार असे असतात की ते मंजूर करताना प्रवेशाचा शब्दही उच्चारला जात नाही, आणि तरी प्रवेशाचे सारे स्वरूप पालटते. लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली निघाले. २००३ साली प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. खेड्यात राहून अशा दर्जास पोहोचणे हे त्या संस्थेचे मोठे कर्तृत्व आहे, हे मनापासून लिहितो. परंतु हा दर्जा देशात कोणत्याही महाविद्यालयास मिळाला की त्याबरोबर आणखी एक गोष्ट आपोआप घडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखाली आलेली ती संस्था राज्याच्या विद्यापीठातून आणि राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून बाहेर पडते. पूर्वी अभिमत विद्यापीठे स्वतःच्या प्रवेशपरीक्षा घेत असत. २०१६ साली राष्ट्रीय पात्रता परीक्षा त्यांनाही बंधनकारक झाली, आणि पुढच्या वर्षापासून त्यांच्या जागा दिल्लीहून होणाऱ्या अखिल भारतीय समुपदेशनातून भरल्या जाऊ लागल्या. म्हणजे ज्या जागेवर एकेकाळी राज्याच्या यादीतून, राज्याच्या सामाजिक आरक्षणाने राहुरी-श्रीरामपूरचा मुलगा हक्क सांगू शकत होता, तीवर आता साऱ्या देशाशी स्पर्धा करून व अभिमत विद्यापीठाचे शुल्क भरूनच बसता येते. दर्जा देताना ग्रंथालय, प्रयोगशाळा, संशोधन, अध्यापक यांची बारकाईने तपासणी होते. या बदलाने आसपासच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांचा वाटा किती घटेल आणि तो कशाने भरून काढणार, याचा लेखी आराखडा मागण्याचीही रीत पडली पाहिजे.

आणि नियामकाने स्वतःच फेरफार केला तर? वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे प्रादेशिक विभागणी होती. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के राज्यभर. विभाग तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आपला जिल्हा तिसऱ्यात. पण जामखेडच्या शिवेवर उभे राहून पाहावे: पलीकडे बीड जिल्ह्यातले आष्टी-पाटोदा, तेच मुरमाड रान, तोच दुष्काळ, तीच ऊसतोड, आणि तरी पलीकडची मुलगी मराठवाड्याच्या थोड्या जागांत अडकलेली, अलीकडची मुंबई-पुण्याच्या मुलांशी त्याच विभागात झुंजणारी. ही रेघ न्याय्य नव्हती असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मराठवाड्याने तिच्याविरुद्ध केलेली तक्रार रास्त होती. ८ सप्टेंबर २०२० रोजी वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात ती रद्द झाल्याचे जाहीर केले. त्या वर्षीची राष्ट्रीय परीक्षा १३ सप्टेंबरला होती. निर्णय योग्य असला तरी परीक्षेस पाच दिवस उरले असता तो कळणे हे योग्य नव्हे. दोन वर्षे जिने एका हिशेबाने अभ्यास केला तिला पुढच्या तुकडीपासून लागू होणारा बदल आधी सांगता आला असता. संस्थेला नियामकाची मंजुरी लागते, तशी नियामकाला काळाची तरी लागली पाहिजे.

चांगले फेरफारही झाले आहेत आणि त्यांचे स्वागत केले नाही तर हे लेखन एकांगी होईल. जुलै २०२४ मध्ये शासनाने, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणे माफ केले. केंद्रीभूत फेरीतून प्रवेश मिळालेल्या मुलीच्या बापाला आता बैलजोडी विकावी लागत नाही, ही मोठी गोष्ट. परंतु शुल्क माफ झाले तरी अंतर माफ होत नाही. चौंडी हे जामखेड तालुक्यातले गाव अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान. त्यांचे नाव आता जिल्ह्यालाच मिळाले आहे, आणि त्यांच्याच नावाची एस.टी.ची मोफत पासाची योजना खेड्यातील मुलींना शाळेत नेते-आणते. ती बारावीपर्यंतच आहे. त्यानंतर सवलतीचा पास मिळतो, मोफत नव्हे, आणि महाविद्यालय जितके दूर तितका तो महाग पडतो. म्हणूनच बारावीनंतर मुलीचे नाव कोठे लागणार याचे उत्तर पुष्कळदा गुणपत्रिकेत नसते, बृहत् आराखड्यात असते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी विचारले होते ते हेच, की रयतेच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, तर रयतेच्या मुलांच्या वाट्यास काय येते. तो प्रश्न विचारण्यासाठी त्या वेळी आयोगाकडे निवेदन द्यावे लागले. आज विद्यापीठाच्या अधिसभेत निवडून दिलेले पदवीधर प्रतिनिधी बसतात आणि आराखडा त्यांच्यापुढून जातो.

सध्याचा पंचवार्षिक बृहत् आराखडा २०२८-२९ च्या शैक्षणिक वर्षाबरोबर संपेल, आणि पुढच्याची तयारी त्याआधीच सुरू होईल. अकोल्याच्या, पाथर्डीच्या, जामखेडच्या वाचकांना माझी विनंती आहे की, आपल्या गावातील किती मुली बारावीनंतर घरी बसल्या आणि सर्वांत जवळचे विज्ञानाचे महाविद्यालय किती किलोमीटरवर आहे, एवढे दोनच आकडे ग्रामसभेच्या ठरावात लिहावेत, आणि तो ठराव विद्यापीठाकडे पाठवून त्याची पोच घ्यावी.